वीतभर श्वास

त्या गुरुवारी हवा इतकी कोरडी होती की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसत होता. तीन दिवस नुसता वारा. ओठ फुटलेले, टाचा फुटलेल्या, केसांत कंगवा घातला की तडतड आवाज. अशा हवेत टेप फार नखरे करते. बोटाला चिकटते, बाहीला चिकटते, झटकली तर उलट येऊन गळ्यात पडते. म्हणून कात्रीने खोलीत शिरताच दोन फडकी ओली केली. एक खिडकीच्या गजावर टाकलं, दुसरं टेबलाखाली पसरलं. मग स्पिरिटमध्ये कापूस बुडवून टेप ज्यांवर घासून वाजते ती मशिनची हेडं पुसली, कालचं पातं कागदात गुंडाळून टाकून दिलं, नवं बसवलं आणि पांढऱ्या पेन्सिलीला टोक काढलं. साडेनऊला मास्तर ऐकायला यायचे होते.

कात्री हे काही तिचं नाव नव्हे. रेकॉर्ड कंपनीत लागली त्या आठवड्यात पॅकिंगवाल्यांनी ते पाडलं आणि वीस वर्षं झाली तरी उतरलं नाही. तिच्या हातात कात्री कधीच नसायची, असायचं ते दाढीचं पातं. पण बाप शिंपी, आणि पोरगी दिवसभर कापते, एवढं निमित्त लोकांना पुरलं. बापाच्या दुकानात ती काजं करत वाढली होती. बाप म्हणायचा, टाका दिसला की शिंपी मेला. ते तिने मशिनवर आणलं.

काम ऐकायला सोपं. बोटभर रुंदसुद्धा नाही अशी तपकिरी फीत, सेकंदाला दीड वीत पळते. वाजवणारा एकच तुकडा सात वेळा वाजवतो. तिसऱ्या वेळी सुरुवात चांगली, पाचव्या वेळी मधला भाग, सातव्या वेळी शेवट. फीत हाताने मागेपुढे ओढत नेमकी जागा ऐकायची, पाठीवर पांढरी रेघ मारायची, तिरका काप घ्यायचा, दोन टोकं भिडवायची, मागून चिकटपट्टी लावून नखाने घासायची. जे तुकडे पुढे लागतील ते चिमट्याला अडकवून भिंतीवरच्या खिळ्यांना टांगायचे. बाकीचे टेबलाखालच्या टोपलीत. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की माणसाने बसल्या बैठकीला सगळं वाजवलं. कात्रीचा जोड कुठे आहे हे साहेबालाही सापडत नसे, आणि साहेब म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा, कानाचा असा तिखट की पलीकडच्या खोलीत पाण्याचा नळ ठिबकला तर इकडे काम थांबवायचा.

मास्तरांचं काम महिन्यापूर्वी झालं होतं. पियानो आणि वाद्यवृंदाचे दोन कॉन्चेर्तो, सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा तरुणाने अंगात ताप असल्यासारखे लिहिलेले. एकीकडे एकटा पियानो, दुसरीकडे साठ माणसं. मध्येच भांडण, मध्येच समजूत, आणि मधल्या संथ भागात ज्याला बोलायचं असतं तोही बोलत नाही असं काहीतरी. एक मोठा, एक लहान. कंपनीत सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत.

मास्तर एकाहत्तर वर्षांचे. जन्मभर मुलांना पियानो शिकवला, मैफिली केल्या, पण रेकॉर्ड म्हटलं की हात जोडायचे. "डब्यात घातलेला माणूस," असं म्हणायचे. या वेळी बायकोने हट्ट धरला तेव्हा तयार झाले, तेही एक अट करारात घालून: जे रेकॉर्डिंग मी ऐकून सही केली नाही ते ठेवायचं नाही, पुसून टाकायचं. कंपनीने आनंदाने मान्य केलं. टेपचा एरवीही तुटवडा होता. पुसलेली टेप परत कामाला येते.

चार दिवस हॉलमध्ये काम चाललं. वाद्यवृंद चालवणारा किडकिडीत गृहस्थ बुटांचा आवाज नको म्हणून मोजे घालून उभा राही, म्हणून तो मोजेवाला. मागच्या रांगेतले तुतारीवाले त्याच्या पायाकडे बघून हसायचे, आणि तो वळला की सगळे हरिश्चंद्राचे अवतार. मास्तरांना एक खोड होती. लांब ओळ सुरू करायच्या आधी ते नाकाने श्वास ओढायचे. साधासुधा नव्हे. पोतं पाठीवर घेणारा हमाल ओढतो तसा. साहेबाने माईक लांब नेला, वर केला, बाजूला फिरवला. श्वास काही सुटला नाही.

काम संपल्यावर नवव्या दिवशी मास्तरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. निवडलेले तुकडे सोडून बाकीचं सगळं तुटवड्यामुळे आधीच पुसून टेप दुसऱ्या कामाला गेली होती. आता जे होतं ते या टेपवर होतं, एवढंच.

साहेबाने कात्रीला यादी दिली होती. जोड कुठे कुठे घ्यायचे ते, आणि खाली सहा श्वास. "हे सहा फारच मोठे आहेत, बाई. जमले तर काढा."

तिने काढले. वाद्यवृंद गप्प आहे आणि पियानोचा स्वर विरत चालला आहे, तेवढ्या फटीत श्वास असायचा. सुमारे एक वीत टेप. काप घेतला, टोकं जुळवली, सफाईने. साहेब ऐकून म्हणाला, "कळतसुद्धा नाही हो. तुमचे हात सोन्याने मढवले पाहिजेत."

इथे गाडी घसरली. सहा निघाले तर सातवा का नको? काळ्या कोटावरचा एक दोरा उचलला की दुसरा दिसतो, आणि मग माणूस सगळा कोट हातात घेऊन बसतो. धाकट्यातले एकतीस श्वास तिने काढले. मग थोरला घेतला, त्यातले त्रेचाळीस काढले. कुणी सांगितलं नव्हतं. विरणाऱ्या स्वरात कोरी शांतता भरली तर भोक पडल्यासारखं वाटतं, म्हणून तिने भरलं काहीच नाही, टोकं नुसती जवळ आणली. प्रत्येक जोड ऐकून पाहिला. प्रत्येक जोड निर्दोष. सबंध मात्र एकदाही ऐकलं नाही. शिंपी टाका बघतो, सदरा अंगात कुणाच्या जायचा हे विसरतो.

साडेनऊला मास्तर आले. चाकांच्या खुर्चीत, गळ्याशी मफलर, उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेलाच. खुर्ची ढकलत मास्तरीणबाई. ठेंगणी बाई, केस पांढरे, पर्स छातीशी धरलेली. साहेबाने खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये घेतली.

"आधी धाकटा लावतो," साहेब म्हणाला.

धाकटा सुरू झाला. मास्तरांचा डावा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. पियानो शिरला तसे डोळे मिटले. कात्री मशिनशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. दोन मिनिटं गेली असतील. डावा हात अडखळला. परत धरला. परत अडखळला. माणूस पायरी आहे म्हणून पाय टाकतो आणि पायरी नसते, तसं काहीतरी त्या हाताला होत होतं. मग त्याने ठेका सोडला आणि खुर्चीच्या दांड्यावर आपटू लागला. थप, थप, थप. तोंडातून घशातला एक आवाज.

साहेबाने मशिन थांबवलं.

"बरं वाटत नाही का त्यांना?"

"बरं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "अहो, हे वाजवतंय कोण?"

"मास्तरच. आम्ही फक्त स्वच्छ केलंय. ते श्वास होते ना..."

"ते कुठे गेले?"

बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि उघडून उगीचच बंद केली.

"बेचाळीस वर्षं मी त्या श्वासाशेजारी झोपते. तो आला की मला कळतं, आता हे बोलणार. तुमचे ते मोजेवाले मला हॉलमध्ये सांगत होते, 'मी हातातल्या काठीने नाही, मास्तरांचं नाक ऐकून माझी माणसं आत घेतो.' आणि तुम्ही तेच काढलंत? आता ऐका ना, प्रत्येक ओळ कशी मागून ढकलल्यासारखी येते. पाहुण्याला दार उघडायच्या आत घरात लोटावं तशी."

"परत घालता येतात का?" हे बाईंनी कुणाकडे न बघता विचारलं.

साहेब कात्रीकडे वळला. "सहाच होते ना?"

"नाही," कात्री म्हणाली.

"मग किती?"

"इथे एकतीस. थोरल्यात त्रेचाळीस."

साहेबाने चष्मा काढला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी सहा सांगितले होते, बाई," एवढंच म्हणाला, आणि मग मास्तरीणबाईंना: "आम्हाला शनिवारपर्यंत वेळ द्या. सोमवारी सही नसलेल्या टेपा पुसायला जातात, ते माझ्या हातात नाही. अट मास्तरांचीच आहे."

मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर ती तिथेच रडून मोकळी झाली असती. ते तिच्या हातांकडे बघत होते.

खुर्ची दाराबाहेर गेली आणि कात्रीने टेबलाखाली हात घातला. टोपली रिकामी. ती जिना उतरून मागच्या अंगणात धावली. झाडलोट करणारी मावशी नळाशी बादली घासत होती.

"मावशी, माझ्या टोपलीतला कचरा?"

"कचऱ्याचं काय करतात? टाकला."

"कुठे टाकलास?"

"बये, वीस वर्षं तुझी चिंधी उचलतेय, आजवर कधी चौकशी केली नाहीस. आज काय सोनं पडलं टोपलीत?"

"श्वास होते त्यात. मास्तरांचे."

मावशीने बादली खाली ठेवली. "ज्यांच्या अंगावरून वारं गेलं त्यांचे? ते तू कचऱ्यात टाकलेस? आणि विचारतेस मला?"

"गेल्या आठवड्याचं पोतं आहे का, सांग."

"गेल्या आठवड्याचं मंगळवारीच गाडीत गेलं. गाडी गावाबाहेर जाऊन जाळते. या आठवड्याचं ते बघ, भिंतीकडे."

कात्री नळाच्या कट्ट्यावर बसली. धाकटा तिने गेल्या आठवड्यात कापला होता.

मावशीने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "एक गेला म्हणून दुसऱ्यालाही तिरडीवर ठेवणार आहेस का? उचल पोतं. आणि मी धरते एक कान, एकटीने खेचलंस तर फाटेल."

पोत्यात काय नव्हतं! चहाची पानं, पेन्सिलीचा भुगा, बिस्किटाचे कागद, आणि टेप. चुरगळलेली, वेटोळी झालेली, एकमेकांत अडकलेली, शेकड्यांनी तुकडे. त्यात जोडकामात निघालेले नेहमीचे शेंडे होते, साहेबाने सुरुवातीला म्हटलेलं "टेक सहा" होतं, खुर्चीची करकर होती, तुतारीवाल्याचा खोकला होता. बापाच्या दुकानात कापडाची चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत द्यायची रीत होती. कोट नेताना एका पुडीत चिंध्या. "कापड त्याचं, चिंधी त्याची. आपली फक्त मजुरी," बाप म्हणायचा. ती लहान असताना तिला वाटायचं, काय करतात लोक चिंध्यांचं?

दुपारपर्यंत तिने सगळे तुकडे ओल्या फडक्यावर एकेक सरळ केले. मग हेडवरून हाताने एकेक ओढू लागली. हळू ओढला की नुसती घरघर. जरा वेग दिला की कळायचं: हे करकर, टाक. हे बोलणं, टाक. आणि मग एखादा: आधी पियानोच्या स्वराची पुसट शेपटी आणि तिच्या अंगावर चढत जाणारा तो श्वास. तो कुठला, हे ओळखायला दोनच खुणा. एक, ती शेपटी कुठल्या स्वराची. दुसरी, पाठीवरची पांढरी रेघ. काप रेघेवरून जायचा, म्हणून अर्धी रेघ तुकड्यावर राहिली होती आणि अर्धी मूळ टेपवर. फाटलेली नोट जुळवतात तशी जुळवायची.

साहेब दोनदा येऊन दारात उभा राहिला. तिसऱ्या वेळी कोट काढून बसला आणि मूळ टेपवरचे जोड शोधून सोडवू लागला. त्याला ते सापडत नव्हते.

"हा इथे आहे का?"

"चार बोटं पुढे."

"कशावरून?"

"माझा आहे ना."

संध्याकाळी घरी गेली तेव्हा टपालगाडी चालवणारा नवरा ओट्याशी भांडी विसळत होता. तिने ताटावर बसल्या बसल्या सांगितलं.

"मग दिवसभर कचऱ्यात काय शोधत होतीस म्हणालीस?"

"श्वास."

"कुणाचा?"

"मास्तरांचा. त्रेचाळीस."

"माझा एकच आहे, तो तेवढा घेऊ दे आता. आल्यापासून ताटाकडे बघितलं नाहीस, माझं डोकं खाते आहेस." मग तिचा चेहरा बघून त्याने ताट तिच्याकडे सरकवलं. "किती मिळाले?"

"एकोणीस."

"अर्धे जवळजवळ."

"अर्ध्या श्वासावर कोण जगतं?"

त्याने ग्लासात पाणी ओतून तिच्यापुढे ठेवलं आणि तिथेच बसून राहिला.

शुक्रवारी आणखी तेवीस. दुपारनंतर फडक्यावर जे उरलं त्यात एकही श्वास नव्हता. बेचाळीस झाले होते. राहिलेला एक संथ भागातला. सगळा वाद्यवृंद खाली खाली येत थांबतो आणि पियानो एकटाच पहिला स्वर धरतो, त्याच्या अगदी आधीचा. थोरल्यात कुठला एक श्वास हरवायचा असं कुणी दुष्टाने ठरवलं असतं तर त्याने हाच निवडला असता.

तिने पोतं उलटं केलं. शिवणीत बोटं घातली. मावशीने स्वतःच्या खोलीतला केरसुणीचा गठ्ठा सोडून बघितला, चपलांचे तळ बघितले. जिन्याच्या पायऱ्या दोघींनी गुडघ्यांवर बसून तपासल्या. पॅकिंगवाले वरून बघत होते. एकजण म्हणाला, "कात्री, माझा रुमालही हरवलाय गं," आणि मावशीने त्याला असं काही ऐकवलं की तो खोक्यांच्या मागे दिसेनासा झाला.

नाही मिळाला.

तिने मास्तरांचाच दुसरा एक श्वास उचलून तिथे लावून पाहिला. त्याला दुसऱ्याच स्वराची शेपटी. भलताच माणूस घरात शिरल्यासारखं झालं. मग तिने दार लावलं, माईक जोडला आणि नाकाने एक श्वास ओढून स्वतःचा टेपवर घेतला. लावला. ऐकला. काय करतोय आपण, असं वाटून कान तापले. मास्तरांच्या सदऱ्याला स्वतःच्या लुगड्याचं ठिगळ. तिने तो काढला आणि पात्याने त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

शेवटी हॉलची शांतता लावली. साहेबाने चौथ्या दिवशी सगळे गेल्यावर मिनिटभर रिकाम्या हॉलचं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं, अशा वेळी लागतं म्हणून. इथे वाद्यवृंद अगोदरच विरलेला, म्हणून भोक वाटत नव्हतं. पण किती लावायची? तुकडा नाही तर माप नाही. तिने एक वीत कापली. अंदाजपंचे.

शनिवारी सकाळी मास्तर आले. कात्रीने हात धुतले, पुसले, परत धुतले. तिने मास्तरीणबाईंना आधीच सांगून टाकलं, "एक कमी आहे. संथ भागातला. मला तो सापडला नाही."

"त्यांना ऐकू दे," बाई म्हणाल्या.

थोरला सुरू झाला. डाव्या हाताने ठेका धरला, आणि या वेळी तो सुटला नाही. पहिला श्वास आला तेव्हा मास्तरांच्या भुवया वर गेल्या. दुसरा आला. ओळी आपापल्या वेळेला येऊ लागल्या. मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. साहेब जमिनीकडे बघत होता. कात्रीचं लक्ष कशातच नव्हतं. संथ भागाला किती मिनिटं आहेत एवढंच ती मोजत होती.

वाद्यवृंद खाली आला. थांबला. आणि खुर्चीतल्या मास्तरांनी श्वास ओढला. नाकाने, मोठ्याने, अर्ध्या मेलेल्या छातीने जेवढा ओढता येईल तेवढा. श्वास पुरा व्हायच्या आत स्पीकरमधून पियानोचा स्वर आला.

मास्तरांनी डोळे उघडले. डावा हात वर केला.

साहेबाने मशिन थांबवलं. मास्तर कात्रीकडे बघत होते. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणली आणि हात हवेत थोडा पुढे सरकवला. तिला लगेच कळलं. शिंप्याच्या पोरीला माप कळणार नाही तर काय कळणार!

"किती? दोन बोटं?"

त्यांनी तीन दाखवली.

तिने तिथेच जोड सोडवला, हॉलची तीन बोटं शांतता कापून आत घातली, नखाने घासली. टेप मागे घेतली. वाद्यवृंद थांबला, मास्तरांनी श्वास ओढला, स्वर आला. त्यांनी मान हलवली, नाही. बोट आणि अंगठा यांच्यात एवढीशी फट धरून दाखवली. तिने तेवढा एक तिळाएवढा तुकडा काढला. परत मागे. वाद्यवृंद थांबला. मास्तरांनी श्वास ओढला, आणि तो जिथे भरला तिथेच पियानोने तोंड उघडलं. अगदी तिथेच. मास्तरांचा डावा हात गुडघ्यावर उतरला आणि पुढची ओळ वाजवू लागला.

शेवटपर्यंत कुणी हललं नाही.

मास्तरीणबाईंनी पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. सही झाली. कावळ्याने शाईत पाय बुडवून कागदावरून चालावं तशी, पण झाली.

मग मास्तरांनी पेन खाली ठेवलं नाही. पेनाने त्यांनी मशिनशेजारचा दुसरा डबा दाखवला.

"आणि धाकटा?" बाईंनी विचारलं.

हे साहेबाने सांगायला हवं होतं. पण तो कात्रीकडे बघत राहिला, आणि चूक तिचीच होती.

"धाकट्याचे तुकडे जळाले," ती म्हणाली. "मंगळवारी गाडी घेऊन गेली. एकतीसच्या एकतीस."

"मग आत्ता केलं तसं करा ना. हे आहेत की बसलेले. दाखवतील किती ते."

"त्यात स्वर आहेत, बाई. स्वर विरतोय तिथेच मी कापलं. शांतता घातली तर स्वर मध्येच मान मुरगळल्यासारखा तुटतो. तरी..." तिने साहेबाकडे पाहिलं. "तरी बघू."

बघितलं. पहिल्या जागी तिने शांतता घातली. मास्तरांनी श्वास ओढला, माप दाखवलं. स्वर तुटला. दुसऱ्या जागी तिने तिरका काप खूप लांब घेतला, स्वर हळूच मिटावा म्हणून. तुटलाच, जरा कमी. मास्तरांनी श्वास ओढला. तिसऱ्या जागी त्यांना ढास लागली. चेहरा काळानिळा झाला, मास्तरीणबाईंनी मफलर सैल केला, पाठ चोळली. ढास थांबली तेव्हा त्यांनी परत हात वर करायचा प्रयत्न केला. हात दांड्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"पुरे," बाई म्हणाल्या. "पुरे हो. एकतीस नाही व्हायचे तुमच्याने."

मास्तरांनी त्या डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनचं टोपण डाव्या हाताने लावायचा प्रयत्न केला. जमेना. कात्रीने पुढे होऊन लावून दिलं. त्यांनी पेन बायकोकडे दिलं.

"सही नसली तरी राहू दे ना तो डबा कपाटात," कात्री म्हणाली. "कुणी ऐकणार नाही. नुसता राहू दे."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली, नाही. एकदाच.

"त्यांचा नाही तो आता," बाई म्हणाल्या. जाताना त्यांनी कात्रीचा हात धरला. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. "थोरला तुम्ही परत दिलात," एवढं म्हणाल्या, आणि खुर्ची उंबऱ्यावरून कशी न्यायची ते साहेबाला सांगू लागल्या.

थोरल्याची रेकॉर्ड पुढे निघाली. दोन्ही बाजूंना मिळून एकच कॉन्चेर्तो. ऐकणारे कुणी म्हणत, श्वास फार येतात बुवा. मास्तरांनी ती फक्त एक पावसाळा ऐकली.

त्या सोमवारी पुसायच्या टेपा नेहमीसारख्या कात्रीकडेच आल्या. ते तिचंच काम होतं. सात डबे होते. मास्तरांचा चौथा. साहेब म्हणाला होता, "तो मी करतो, बाई, तुम्ही नका," पण तिने त्याला दिला नाही. पुसायचं यंत्र म्हणजे चपटी लोखंडी पेटी, बटण दाबलं की गुणगुणते. टेपचं चाक तिच्यावर ठेवून सावकाश गोल फिरवायचं, मग फिरवत फिरवतच लांब न्यायचं, झटका द्यायचा नाही, नाहीतर खरखर राहते. तिने धाकटा पेटीवर ठेवला, फिरवला, लांब नेला. उलटा करून परत एकदा. मशिनवर लावून ऐकला. कुठे काही नव्हतं. जोडांमुळे गाण्याला ती टेप आता चालणार नव्हती, बोलण्याला चालली असती. तिने डब्यावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

तेवढ्यात दारात दातांचे डॉक्टर येऊन उभे राहिले. शाळांसाठी दात कसे घासावेत यावर दहा मिनिटांचं भाषण होतं. कागद हातात, घाम फुटलेला.

"मी पहिल्यांदाच करतोय हो. चुकलो तर?"

"चुका, काही हरकत नाही," कात्री म्हणाली. "बसा. आधी पाणी प्या."

तिने माईक त्यांच्या तोंडाच्या उंचीला आणला आणि तीच टेप लावली.